अँड्रॉइड की आयफोन: रोजच्या वापरावरून निर्णय कसा घ्यावा

नवा फोन घ्यायची वेळ आली की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहतात, मग प्रोसेसरचे नाव विचारतात आणि शेवटी एखाद्या जाणकार मित्राच्या सल्ल्यावर भिस्त ठेवून मोकळे होतात. पुढची चार-पाच वर्षे उठल्यापासून झोपेपर्यंत हाताशी असणारे हे उपकरण आपली नेहमीची कामे किती बिनबोभाट करील, हे यांपैकी कशावरूनही कळत नाही. घरातल्या आणि ओळखीतल्या अनेकांना फोन निवडताना व बदलताना मदत केल्यावर मी तीन प्रश्नांवर येऊन थांबले आहे. आपले रोजचे काम कोणत्या फोनवर कमी कटकटीचे होते? ते किती वर्षे तसेच होत राहील? आणि उद्या मन बदलले, तर आपले सारे सामान घेऊन तिथून बाहेर पडता येईल का? तिसरा प्रश्न फोन घेताना जवळपास कोणीच विचारत नाही आणि सर्वांत जास्त मनस्ताप त्यामुळेच होतो, म्हणून या लेखात त्याला बरीच जागा दिली आहे.

तुलनेत आज दोनच नावे का उरली, हे आधी थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे. पहिला आयफोन जून २००७ मध्ये विक्रीला आला आणि अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये. सिम्बियन, ब्लॅकबेरी आणि विंडोज फोन हे प्रतिस्पर्धी पुढच्या दशकभरात मागे पडत गेले; विंडोजच्या मोबाइल आवृत्तीला मिळणारे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि ब्लॅकबेरीच्या जुन्या कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. त्या फोनचे कीबोर्ड आणि पडदे शाबूत होते, पण ॲप बनवणाऱ्यांनी पाठ फिरवल्यावर चांगल्या अवस्थेतील फोनही निरुपयोगी ठरले. फोन घेताना आपण एक यंत्र घेतो खरे, पण त्याचबरोबर ॲप बनवणारे, अपडेट देणारे आणि आपली माहिती साठवणारे अशा अनेकांवर विसंबतो, हे या इतिहासातून ध्यानात ठेवावे. काही फोन अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावर बेतलेले असूनही गूगलच्या सेवांशिवाय येतात. असा फोन घेण्याचा विचार असेल, तर आपली नेहमीची ॲप त्यावर चालतात का, हे एकेक करून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. आयफोनचे यंत्र आणि त्यावरची आयओएस ही कार्यप्रणाली एकाच कंपनीची, म्हणजे अ‍ॅपलची, असते. अँड्रॉइडचा गाभा मात्र गूगलचा असतो आणि त्यावर प्रत्येक उत्पादक आपला थर चढवतो. सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा हायपरओएस, वनप्लसचा ऑक्सिजनओएस हे असे थर आहेत. त्यामुळे सेटिंगची मांडणी, आधीपासून भरलेली ॲप, बॅटरी वाचवण्याचे नियम आणि अपडेट मिळण्याचा काळ हे सगळे अँड्रॉइडच्या दोन फोनमध्येही वेगळे असू शकते. ‘अँड्रॉइड चांगले की आयफोन’ असा मोघम प्रश्न विचारण्याऐवजी मनात असलेले दोन नेमके फोन समोर ठेवावेत. तरच उत्तराला काही अर्थ राहतो.

आधी आठवडाभराची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर आपल्या हातातल्या फोनवर नजर ठेवावी. अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या नावाने सेटिंगमध्येच हिशेब असतो आणि कोणते ॲप किती वेळ वापरले, हे त्यात दिसते. त्यातली पहिली सात-आठ ॲप कागदावर उतरवावीत आणि शेजारी, फोनने आठवडाभरात कुठे अडवले, हेही लिहावे. ‘फोटो पाठवताना जागा संपल्याचा संदेश आला’, ‘औषधाची आठवण उशिरा वाजली’, ‘उन्हात पडदा वाचता आला नाही’ अशा साध्या, पण नेमक्या नोंदी असाव्यात. माझा अनुभव असा आहे की, या यादीतल्या निम्म्या तक्रारींचा कार्यप्रणालीशी संबंधच नसतो. स्टोरेज कमी असते किंवा बॅटरी जुनी झालेली असते. ते आधीच कळले, तर फोन बदलण्याचा खर्चही कदाचित वाचतो.

मग यादीतले एखादे काम दोन्ही प्रकारच्या फोनवर प्रत्यक्ष करून पाहावे. त्यासाठी घरातल्या कोणाचा तरी फोन अर्धा तास मागून घ्यावा, कारण दुकानात मांडलेल्या फोनवर ना आपले ईमेल असते, ना आपले फोटो. उदाहरणार्थ, दोन पानी कागद स्कॅन करून त्याची एकच पीडीएफ फाइल ईमेलने पाठवायची आहे, असे समजू. आयफोनवर ‘नोट्स’ किंवा ‘फाइल्स’ या ॲपमध्ये स्कॅन करण्याची सोय आहे, तर अँड्रॉइडवर हेच काम गूगल ड्राइव्हमधून होते. दोन्हीकडे कागदाच्या कडा फोन स्वतः ओळखतो. यात काय शक्य आहे, हे महत्त्वाचे नाही, कारण दोन्हीकडे सगळेच शक्य असते. मधल्या कोणत्या पायरीवर आपण अडखळलो, तयार झालेली फाइल कुठे गेली हे शोधावे लागले का, आणि दुसऱ्यांदा तेच काम कोणाला न विचारता जमले का, हे पाहावे. दुसऱ्यांदा न विचारता जमणे ही माझ्या दृष्टीने उत्तम खूण आहे.

अपडेटचा हिशेब

दोन फोन बाकी सर्व बाबतींत तुल्यबळ वाटत असतील, तर अपडेटच्या वर्षांवरून निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अपडेट दोन प्रकारचे असतात. एकाने कार्यप्रणालीची नवी आवृत्ती येते आणि तिच्याबरोबर नव्या सोयी येतात. दुसऱ्याने सापडलेल्या सुरक्षा त्रुटी बुजवल्या जातात. नवी आवृत्ती मिळाली नाही, तर फोन लगेच अडत नाही. सुरक्षा अपडेट बंद झाल्यावर मात्र बँकेचे व्यवहार करणारा फोन हळूहळू धोक्याचा होत जातो, आणि पुढे बँकांची ॲपही फार जुन्या आवृत्तीवर चालेनाशी होतात.

आयफोनचा या बाबतीतला पूर्वेतिहास भक्कम आहे. २०१५ मध्ये आलेल्या आयफोन ६एसला २०२१ मधली आयओएस १५ मिळाली, आणि २०१३ मधल्या आयफोन ५एससाठी तर जानेवारी २०२३ मध्येही एक सुरक्षा अपडेट आले होते. अँड्रॉइडची ही बाजू बरीच वर्षे लंगडी होती. आता तिथेही चित्र पालटले आहे. गूगलने २०२३ मधल्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मधल्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले आहे. ही आश्वासने पूर्ण व्हायला २०३० किंवा २०३१ साल उजाडेल, त्यामुळे एकीकडे पाळून दाखवलेला शब्द आणि दुसरीकडे दिलेला शब्द, असा फरक तूर्त तरी आहे. शिवाय एका मालिकेला सात वर्षे मिळतात, म्हणून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेलाही ती मिळतील, असे गृहीत धरू नये.

इथे एक हिशेब आवर्जून करावा. ही वर्षे साधारणपणे तो फोन पहिल्यांदा बाजारात आला त्या तारखेपासून मोजली जातात, आपण तो विकत घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाहीत. चार वर्षांचे आश्वासन असलेला फोन बाजारात येऊन दीड वर्ष झाले असेल, तर सीलबंद खोक्यातून काढतानाच त्याची अडीच वर्षे उरलेली असतात. मोठी सवलत मिळत असलेल्या फोनबद्दल हे गणित आधी मांडावे आणि मग सवलतीकडे पाहावे. वापरलेला फोन घेताना तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शेवटचे अपडेट कधी आले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. अँड्रॉइडमध्ये फोनविषयीच्या माहितीत सुरक्षा अपडेटची तारीख दिलेली असते आणि आयफोनमध्ये ‘जनरल’खाली सॉफ्टवेअर अपडेटचा पर्याय असतो.

वर्षांच्या गणितात बॅटरीही येते. सात वर्षे अपडेट मिळणाऱ्या फोनची बॅटरी सात वर्षे पुरत नाही; मध्ये एकदा ती बदलावी लागणार, असे धरूनच चालावे. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर आणि आयफोन १५ पासून पुढची १००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहील अशी बनवली आहे, असे अ‍ॅपल सांगते. उरलेली क्षमता आयफोनच्या सेटिंगमध्ये २०१८ पासून टक्क्यांत दिसते. अँड्रॉइडवर ती दिसेल की नाही, हे उत्पादकावर अवलंबून असते. आपण राहतो तिथे बॅटरी बदलून देणारे अधिकृत केंद्र आहे का, याची चौकशी फोन घेण्याआधीच करावी.

हाताच्या सवयी

माझ्या आत्याने फोन बदलला तेव्हाची गोष्ट सांगते. जुन्या फोनवर पडद्याच्या तळाशी तीन बटणे होती आणि त्यातल्या एकाने कुठूनही मागे जाता यायचे. नव्या फोनवर ती बटणे नव्हती. मागे जाण्यासाठी पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवायचे होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून पाहत होते. फोटो उघडला की तिचा अंगठा आपसूक खालच्या कोपऱ्याकडे जायचा, तिथे काहीच न सापडल्याने हवेत थबकायचा, मग ती बाजूचे बटण दाबून पडदा बंद करायची आणि पुन्हा उघडायची. समोर तोच फोटो असायचा. फोन अडकला आहे, अशी तिची खात्रीच झाली होती. कोणत्याही तपशीलपत्रकात न येणारी ही गोष्ट पुढचे तीन आठवडे तिच्या प्रत्येक कामात आडवी येत राहिली.

म्हणून मागून घेतलेल्या फोनवर मागे जाऊन पाहणे ही पहिली चाचणी असावी. २०१९ मधल्या अँड्रॉइड १० पासून पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या अशा कोणत्याही कडेवरून बोट सरकवले की मागे जाता येते, आणि बहुतेक फोनमध्ये तीन बटणांचा जुना पर्यायही सेटिंगमध्ये शिल्लक असतो. आयफोनवर बोट सहसा डाव्या कडेवरून सरकवावे लागते. काही पडद्यांवर तेही चालत नाही आणि वरच्या कोपऱ्यातील बाण किंवा फुली शोधावी लागते. तरुण हातांना याची सवय दोन दिवसांत होते. वय झालेल्या किंवा बोटे थरथरणाऱ्या माणसासाठी मात्र निर्णय इथेच होऊ शकतो. अशा व्यक्तीसाठी फोन घेताना सोप्या मांडणीची सोयही तपासावी. आयफोनमध्ये २०२३ मधल्या आयओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह अ‍ॅक्सेस’ ही मोठ्या चौकटींची साधी मांडणी मिळते, तर अँड्रॉइडच्या काही उत्पादकांनी, उदाहरणार्थ सॅमसंगने, ‘ईझी मोड’ दिला आहे.

दुसरी चाचणी लिहिण्याची. आपण ज्या लिपीत रोज लिहितो, त्या लिपीचा कीबोर्ड सुरू करून एक पूर्ण परिच्छेद लिहावा आणि त्यात मुद्दाम ‘कर्तृत्व’, ‘दुःख’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘ॲप’ असे शब्द घालावेत. जोडाक्षरासाठी किती कळा दाबाव्या लागतात, पुढचा शब्द फोन नीट सुचवतो का आणि चुकलेले अक्षर खोडताना सगळे जोडाक्षर जाते की शेवटचा भागच, हे दहा ओळींत कळून चुकते. २०१४ मधल्या आयओएस ८ पासून आयफोनवरही बाहेरचे कीबोर्ड घालता येतात, परंतु पासवर्डच्या रकान्यात आयफोन आपला स्वतःचा कीबोर्ड पुढे आणतो. तो बदल पाहून गोंधळून जाऊ नये.

तिसरी चाचणी सूचनांची, म्हणजे नोटिफिकेशनची. अँड्रॉइडचे काही उत्पादक बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप फार घाईने बंद करतात, आणि मग औषधाची आठवण किंवा कार्यालयाचा संदेश तासाभराने येतो. यावर इलाज आहे: सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरी-वापरावरील निर्बंध काढून टाकावा. आयफोनवर ही अडचण कमी येते. तिथे मात्र न वाचलेल्या सूचनांचा ढीग आवरणे मला अँड्रॉइडपेक्षा जड वाटते. अँड्रॉइडमध्ये एकाच ॲपच्या वेगवेगळ्या प्रकारच्या सूचना स्वतंत्रपणे बंद करता येतात, आणि जाहिराती बंद ठेवून कामाच्या सूचना चालू ठेवण्याची ही सोय मला फार मोलाची वाटते.

परवानग्या आणि खासगी माहिती

आयफोन सुरक्षित आणि अँड्रॉइड असुरक्षित, ही समजूत आता जुनी झाली आहे. कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात ठिपका किंवा चिन्ह दिसण्याची सोय आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर २०२१ मध्ये आली. ॲपला नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची सोयही त्याच क्रमाने दोन्हीकडे आली. फरक उरतो तो दोन गोष्टींत. एप्रिल २०२१ पासून आयफोनवर कोणत्याही ॲपला इतर ॲप आणि संकेतस्थळांवर आपला माग काढायचा असेल, तर आधी आपली संमती घ्यावी लागते, आणि हा प्रश्न आपोआप समोर येतो. अँड्रॉइडवर जाहिरातीसाठीचा ओळख-क्रमांक सेटिंगमध्ये जाऊन आपण होऊन पुसावा लागतो. दुसरे असे की, अँड्रॉइडवर अधिकृत दालनाबाहेरूनही, म्हणजे प्ले स्टोअर सोडून इतर ठिकाणांहूनही, ॲप घालता येते. आयफोनवर बहुतेक देशांत ते शक्य नाही. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून पर्यायी दालनांना वाट मोकळी झाली आहे. बाहेरून ॲप घालण्याचे हे स्वातंत्र्य जाणकाराच्या उपयोगाचे आहे, पण संदेशातून आलेली अनोळखी फाइल उघडणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये ती वाट बंद असलेलीच बरी.

जागा आणि जोडउपकरणे

आयफोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही, आणि अँड्रॉइडच्या महागड्या फोनमधूनही ती खाच आता बहुतांशी गेली आहे, म्हणून स्टोरेज घेतानाच पुरेसे घ्यावे. फुकट मिळणारी ऑनलाइन जागा गूगलच्या खात्यात १५ जीबी असते, पण ती ईमेल, फोटो आणि फाइल यांत वाटली जाते. अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये ती ५ जीबी असते. मनगटी घड्याळ असेल, तर नीट विचार करावा, कारण अ‍ॅपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही आणि सॅमसंग व गूगल यांची नवी घड्याळे आयफोनशी जोडता येत नाहीत. चार्जरची चिंता मात्र मिटली आहे: २०२३ मधल्या आयफोन १५ पासून दोन्हीकडे यूएसबी-सी चालते.

बदलायचे ठरले, तर

आता तिसरा प्रश्न. संपर्क, फोटो आणि कॅलेंडर एका बाजूकडून दुसरीकडे नेणे सोपे झाले आहे. आयफोनकडे जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप अँड्रॉइडवर घालावे लागते, आणि उलट दिशेने नवा अँड्रॉइड फोन सुरू करतानाच केबल जोडून बरेचसे आणता येते. अडचण पुढच्या चार ठिकाणी येते आणि त्यांची तजवीज जुना फोन हातात असतानाच करावी.

पहिली अडचण संभाषणांची. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये जातो, आणि एकीकडचा बॅकअप दुसरीकडे उघडत नाही. संभाषणे न्यायची असतील, तर दोन्ही फोन समोरासमोर ठेवून स्थलांतराची वेगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. आयफोनकडे जाताना ती नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच करणे श्रेयस्कर असते. घाईघाईने नव्या फोनवर आधी सगळे मांडून बसलेल्या माणसाला पुढे तो पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी अडचण विकत घेतलेल्या ॲपची. एका दालनात घेतलेले ॲप दुसऱ्या दालनात पुन्हा घ्यावे लागते, आणि मासिक वर्गणी जिथून सुरू केली तिथूनच बंद करावी लागते. तिसरी पासवर्डची: ते फोनच्याच तिजोरीत साठवलेले असतील, तर दोन्ही कार्यप्रणालींवर चालणाऱ्या एखाद्या स्वतंत्र पासवर्ड-व्यवस्थापकात आधीच हलवावेत, आणि लॉगिनसाठी सांकेतिक अंक देणारे ॲप नव्या फोनवर चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुन्यावरचे काढू नये. चौथी अडचण फक्त आयफोन सोडणाऱ्यांची. जुन्या फोनमधली ‘आयमेसेज’ ही अ‍ॅपलची संदेशसेवा बंद न करता सिमकार्ड काढले, तर इतर आयफोनवरून येणारे संदेश नव्या फोनवर पोहोचेनासे होऊ शकतात.

जुना फोन किमान पंधरा दिवस जवळ ठेवावा. बँकेचे ॲप, ईमेल, कार्यालयाचे लॉगिन आणि जुने फोटो हे सगळे नव्या फोनवर एकदा उघडून पाहिले की मगच जुन्या फोनमधून आपले गूगल किंवा अ‍ॅपल खाते बाहेर काढावे आणि त्यानंतर तो पूर्ण पुसावा. हा क्रम उलटा झाला, तर चोरीपासून संरक्षण देणारे कुलूप तसेच राहू शकते आणि मग पुढच्या मालकाला आपला पासवर्ड दिल्याशिवाय तो फोन सुरूच करता येत नाही.